डॅनी बार्कर कोण होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅझ ऐकणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना लुई आर्मस्ट्राँग, माइल्स डेव्हिस, कोल्ट्रेन ही नावं पाठ असतात, पण डॅनी बार्कर म्हटलं की बहुतेकांचा चेहरा कोरा. खरं तर आज अमेरिकेच्या दक्षिणेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर जे ब्रास बँड ऐकू येतात त्यातले कितीतरी धागे या एका माणसापर्यंत जातात, आणि वर त्यांनी स्वतःच्या हाताने इतिहास लिहूनही ठेवलाय. त्यांच्याबद्दल बोलायला लागलं की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

थोडक्यात सांगा, हे नक्की कोण?

बँजो आणि गिटार वाजवणारे, गाणारे, गाणी रचणारे आणि जॅझचा इतिहास लिहिणारे. जन्म १३ जानेवारी १९०९, न्यू ऑर्लिन्समध्ये, मृत्यू तिथेच १३ मार्च १९९४ ला. मधली पस्तीसेक वर्षं न्यूयॉर्कमध्ये.

घरात आधीपासून संगीत होतं का?

होतं म्हणजे काय, भरपूर. आईकडचं घराणं बार्बरिन. आजोबा इसिडोर बार्बरिन हे ऑनवर्ड ब्रास बँडमधले जुने वादक, मामा पॉल बार्बरिन ड्रमर, आणि साधासुधा नाही, किंग ऑलिव्हर, लुइस रसेल, आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर वाजवलेला माणूस. दुसरा मामा लुई, तोही ड्रमर. म्हणजे पोरगं जन्मलं तेव्हाच घरात ताल होता. आधी क्लॅरिनेट शिकले, तेही बार्नी बिगार्डकडून, जो पुढे ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये गाजला. मग मामाकडून ड्रम, मग युकुलेली, मग बँजो. लहानपणी मित्रांना जमवून बुझान किंग्ज नावाचा पोरांचा बँड काढला होता, रस्त्यावर वाजवायचं आणि लोक टाकतील ती नाणी वाटून घ्यायची.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी इतिहास पुढे लिहिला पण गोळा करायला सुरुवात इथेच झाली. आजोबांचे मित्र घरी यायचे, कोणाच्या अंत्ययात्रेत कोणी काय वाजवलं, कोणता कॉर्नेटवाला (कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटसारखं वाद्य) किती लांबून ऐकू यायचा, हे सगळं त्या पोराच्या कानावर पडत होतं, आणि हा कान असा होता की पडलेलं विसरायचा नाही.

न्यूयॉर्कला कधी गेले आणि तिथे काय केलं?

१९३० मध्ये. त्याच्या आधी पियानोवादक लिटल ब्रदर माँटगोमेरीबरोबर मिसिसिपीच्या गावागावात फिरून आले होते. न्यूयॉर्कला मामा पॉल त्यांना हार्लेममधल्या ऱ्हिदम क्लबमध्ये घेऊन गेला, हा कृष्णवर्णीय वादकांचा अड्डा, काम इथेच मिळायचं, बातम्या इथेच कळायच्या, आणि कोण कोणापेक्षा भारी याचा निकालही इथेच लागायचा. तिथे जेली रोल मॉर्टन भेटला. मॉर्टनही न्यू ऑर्लिन्सचाच, तो बार्करना गाववाला म्हणूनच हाक मारायचा.

तेव्हा मॉर्टनचे दिवस उतरत चालले होते. जॅझ मीच शोधून काढला असं तो सगळ्यांना सांगायचा, १९३८ मध्ये तर त्याने डाउन बीट मासिकाला तसं पत्रच लिहिलं, आणि न्यूयॉर्कची तरुण वादकमंडळी त्याला हसायची. बार्कर हसले नाहीत, ऐकत बसले. म्हणूनच त्यांच्या लिहिण्यात भेटणारा मॉर्टन हा हिऱ्याचा दात असलेला बढाईखोर एवढाच राहत नाही, हक्काचं श्रेय न मिळाल्याची आग पोटात घेऊन फिरणारा हुशार संगीतकार दिसतो.

बँजो की गिटार? नक्की काय वाजवायचे?

दोन्ही. न्यू ऑर्लिन्सहून निघताना बँजो, पण १९३० च्या आसपास बँजोची फॅशन संपत आली होती, बँडचा आवाज बदलत होता, ट्यूबाच्या जागी डबल बास येत होता आणि बँजोच्या जागी गिटार. मग बार्कर गिटारवर आले. अनेक वर्षांनी न्यू ऑर्लिन्सला परतल्यावर पुन्हा बँजो हातात आला आणि आज लोकांना फोटोत ते बँजोसकटच आठवतात.

इथे थोडं थांबून सांगतो. मोठ्या स्विंग बँडमधला ऱ्हिदम गिटारवाला म्हणजे प्रत्येक बारला चार ठोके, रात्रभर, सोलो जवळपास नाहीच. माइक नसेल तर ती गिटार प्रेक्षकांना धड ऐकूही येत नाही, पण ती बंद झाली तर अख्ख्या बँडला कळतं. या जागेवर बसलेल्या माणसाला पुढचे सगळे दिसतात, कोण आज पिऊन आलाय, कोणाचं लीडरशी वाजलंय, कोण नवीन पोरगा काहीतरी वेगळंच वाजवतोय. माझं मत असं की बार्कर इतके चांगले इतिहासकार झाले त्यात या खुर्चीचा मोठा वाटा आहे.

कोणकोणत्या बँडमध्ये होते?

लकी मिलिंडर, बेनी कार्टर, आणि मग १९३९ ते १९४६ कॅब कॅलोवे. कॅलोवेचा बँड त्या काळातल्या सगळ्यात जास्त चालणाऱ्या बँडपैकी एक, पगार चांगला, कपडे एकदम टापटीप, आणि प्रवासाला स्वतःचा रेल्वेचा डबा. ही चैन म्हणून सांगत नाहीये. दक्षिणेतल्या राज्यांमध्ये तेव्हा कृष्णवर्णीय वादकांना हॉटेलात खोली मिळायची नाही, अनेक हॉटेलांत जेवायला बसता यायचं नाही, म्हणून झोपायला स्वतःचा डबा असणं ही फार मोठी गोष्ट होती. ज्या बँडकडे डबा नव्हता ते बसमध्येच झोपायचे.

त्या बँडमध्ये बासवर मिल्ट हिंटन, ड्रमवर कोझी कोल, सॅक्सोफोनवर चू बेरी, आणि ट्रंपेटच्या रांगेत विशीतला डिझी गिलेस्पी.

म्हणजे ते बीबॉपवाल्यांबरोबरही वाजवले?

हो, बीबॉप म्हणजे १९४० च्या दशकात आलेला नवा, वेगवान जॅझ, आणि हे फार लोकांना माहीत नसतं. जुन्या न्यू ऑर्लिन्सचा माणूस म्हणून त्यांना एका कप्प्यात टाकतात, पण सप्टेंबर १९४५ मध्ये सर चार्ल्स थॉम्पसनच्या रेकॉर्डिंगला चार्ली पार्कर, डेक्स्टर गॉर्डन, बक क्लेटन आणि गिटारवर डॅनी बार्कर असे सगळे एका खोलीत होते. नवं संगीत त्यांनी जवळून पाहिलं, त्यात आपली गिटार बसवली, आणि तरी आपलं मूळ सोडलं नाही.

त्यांची बायको पण गायची ना?

गायची. ब्लू लू बार्कर, मूळ नाव लुईझ ड्युपाँ, लग्न १९३० चं. १९३८ मध्ये डेक्का कंपनीसाठी तिने ‘डोन्ट यू मेक मी हाय’ गायलं, चावट गाणं, पण गाताना आवाज अगदी निवांत, लाजल्यासारखा, त्यामुळे अजूनच मजा. १९७३ मध्ये मारिया मल्डॉरने ते पुन्हा गायलं आणि नव्या पिढीपर्यंत पोचलं. बार्करनी रचलेलं ‘सेव्ह द बोन्स फॉर हेन्री जोन्स’ हे नॅट किंग कोल आणि जॉनी मर्सरने १९४७ मध्ये केलं. दोघांचा संसार चौसष्ट वर्षांचा, आणि लू १९९८ मध्ये गेली.

लिहायला का लागले? वादकाला लिहायची गरज काय?

कारण दुसरे लिहीत होते. १९३०-४० पासून जॅझवर पुस्तकं यायला लागली, लिहिणारे बहुतेक गोरे रसिक, रेकॉर्ड जमवणारे, मनापासून प्रेम करणारे लोक, त्यांचे उपकार आहेतच, पण त्यांच्याकडे होत्या त्या रेकॉर्ड. आणि रेकॉर्डवर काय येतं? तीन मिनिटांचं गाणं. जेवण कुठे मिळालं, मालकाने पैसे बुडवले का, कोणाची आई कोणत्या चर्चला जायची, बँडमध्ये कोणाला कोणाच्या ओळखीने घेतलं, हे रेकॉर्डवर येत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलं जात होतं त्यांच्यातल्याच एकाने लेखणी उचलणं म्हणून गरजेचं होतं.

१९५५ मध्ये नॅट शपिरो आणि नॅट हेंटॉफ यांनी वादकांच्याच तोंडून जॅझचा इतिहास सांगणारं पुस्तक काढलं, त्यात बार्करचं बोलणं पानोपानी आहे आणि वाचताना लगेच कळतं की हा माणूस नुसता आठवत नाहीये, प्रसंग उभा करतोय.

एकूण किती पुस्तकं?

मुख्य तीन. १९७३ मध्ये समाजशास्त्रज्ञ जॅक बर्कल यांच्याबरोबर ‘बर्बन स्ट्रीट ब्लॅक’, यात न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वादकांचं घर, काम, युनियन, नातीगोती असा सगळा समाज आहे. १९८६ मध्ये आत्मचरित्र ‘अ लाइफ इन जॅझ’, संपादन अलिन शिप्टन यांचं. आणि मृत्यूनंतर १९९८ मध्ये ‘बडी बोल्डन अँड द लास्ट डेज ऑफ स्टोरीव्हिल’, तेही शिप्टन यांनीच लावून दिलेलं.

त्यांनी लिहिलेलं सगळं खरं धरायचं का?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून जरा लांब उत्तर.

बडी बोल्डन हा कॉर्नेटवाला, जन्म १८७७, जॅझच्या अगदी सुरुवातीचा राजा मानतात त्याला. १९०७ मध्ये त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, १९३१ मध्ये तो तिथेच गेला, आणि त्याची एकही रेकॉर्ड आज आपल्याकडे नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल जे आहे ते सगळं ऐकीव. बार्करनी त्याच्यावर लिहिलं, आणि त्यात ड्यूड बॉटली नावाचा एक म्हातारा बोलतो, लिंकन पार्कमध्ये बोल्डनने कसं वाजवलं, गर्दी कशी वेडी व्हायची, हे तो असं सांगतो की आपण तिथेच उभे असल्यासारखं वाटतं. पुढे संशोधकांनी शोध घेतला तेव्हा हा ड्यूड बॉटली काही सापडला नाही, आणि आज अभ्यासक ते पात्र बार्करनीच उभं केलेलं मानतात, अनेक म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं एकाच्या तोंडी घातलेलं. १९७८ मध्ये डोनल्ड मार्क्विस यांनी शहराची जुनी कागदपत्रं, चर्चच्या नोंदी, पोलिसांच्या नोंदी धुंडाळून बोल्डनचं चरित्र लिहिलं आणि पिढ्यानपिढ्या चाललेल्या कितीतरी गोष्टी खोट्या ठरल्या.

मग बार्करचं लिहिलेलं फेकून द्यायचं का? मला अजिबात तसं वाटत नाही. तारीख, पत्ता, कोण कुठे राहायचं हे मार्क्विसकडे बघावं. पण त्या शहरात म्हातारे वादक कसे बोलायचे, कशाला हसायचे, कोणाचा मान ठेवायचे, एखाद्याची थोरवी सांगताना कुठे थांबायचे, हे बार्करकडे आहे आणि दुसऱ्या कोणाकडे नाही. सरकारी दप्तरात बोल्डनच्या अटकेची नोंद आहे, त्याचं वाजवणं ऐकून लोकांच्या अंगावर काटा यायचा याची नोंद कोण ठेवणार होतं? दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं, आणि बार्कर वाचताना हे लक्षात ठेवायचं की हा इतिहासकार आहे तसाच गोष्टी सांगणाराही आहे. ‘अ लाइफ इन जॅझ’मध्ये जिथे ते स्वतः हजर होते तिथे मी त्यांच्यावर बराच विश्वास ठेवतो, कारण बँड, माणसं, दौरे हे बाकीच्यांच्या सांगण्याशी जुळतं.

न्यू ऑर्लिन्सला परत का गेले?

१९६५ मध्ये परतले. न्यूयॉर्कमध्ये कामं कमी होत चालली होती, रॉक आलं होतं. गावी गेल्यावर न्यू ऑर्लिन्स जॅझ म्युझियममध्ये क्युरेटरचे मदतनीस म्हणून नोकरी धरली, ती १९७५ पर्यंत. दिवसा म्युझियम, संध्याकाळी वाजवणं, आणि मधल्या वेळात लिहिणं.

फेअरव्ह्यू बँडचं प्रकरण काय आहे?

याच्यावर खरं तर स्वतंत्र लिहायला हवं. १९७० च्या सुमारास रस्त्यावरचे ब्रास बँड मरायला टेकले होते. वाजवणारे म्हातारे झालेले, पोरं सोल आणि फंक ऐकणारी, ट्यूबा घेऊन उन्हात मैलोन्‌मैल चालायला कोण तयार होणार. अशा वेळी फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चचे रेव्हरंड अँड्र्यू डार्बी यांनी बार्करना पोरांसाठी एक बँड काढायला सांगितलं. बार्करना त्याच भागात एक पोरगा सापडला, बारा-तेरा वर्षांचा, घराच्या गॅरेजमध्ये ट्रंपेटचा रियाज करणारा, नाव लेरॉय जोन्स. त्याला म्होरक्या केलं आणि मग बाकीची पोरं येत गेली.

यादी वाचली की थक्क व्हायला होतं. ल्युशिअन बार्बरिन, हर्लिन रायली, शॅनन पॉवेल, कर्क जोसेफ, ग्रेग स्टॅफर्ड, क्लॅरिनेटवाले आणि पुढे विद्यापीठात शिकवणारे डॉक्टर मायकल व्हाइट, आणि हो, ब्रॅनफर्ड आणि विंटन मार्सालिस हे भाऊसुद्धा, विंटन तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. बार्कर त्यांना नुसते सूर नाही शिकवायचे. अंत्ययात्रेत कसं चालायचं, टोपी कधी काढायची, कपडे कसे हवेत, आधी संथ स्तोत्र वाजतं आणि दफन झाल्यावरच उडती चाल का सुरू करायची, हे सगळं. आपल्याकडे वारकऱ्याच्या अंत्ययात्रेला टाळ-मृदंगाचं भजन असतं, तिथे कोणत्या वेळी कोणता अभंग हे जसं जुन्या माणसांकडूनच कळतं, तसंच हे.

याच पोरांमधून १९७७ च्या आसपास डर्टी डझन ब्रास बँड उभा राहिला, त्यांनी त्यात बीबॉप आणि फंक मिसळलं, आणि मग ती लाट थांबलीच नाही. कागदावर इतिहास लिहिणारे पुष्कळ झालेत, पण ज्याच्याबद्दल लिहितोय ती गोष्टच डोळ्यांदेखत संपतेय म्हटल्यावर पोरं गोळा करून ती पुन्हा चालती करणारा इतिहासकार मला तरी दुसरा माहीत नाही.

पोरांकडून फुकट काम करून घेतलं असा आरोप झाला होता ना?

झाला होता. वादकांच्या युनियनमधल्या काहींनी तक्रार केली की पोरं कमी पैशात वाजवतात आणि मोठ्यांची कामं जातात. बार्कर स्वतः युनियनचे सदस्य, त्यामुळे त्यांची अडचण झाली आणि १९७४ च्या सुमारास ते बाजूला झाले. थोडी मोठी झालेली पोरं मग लेरॉय जोन्सच्या हाताखाली हरिकेन ब्रास बँड म्हणून वाजवायला लागली. युनियनवाल्यांची काळजी पोटापाण्याची होती हे मान्यच, पण त्या आरोपाने बार्करना चिकटवलेला डाग मला अन्यायाचा वाटतो, त्यांनी त्या पोरांना जे दिलं त्यावर पुढे किती घरं चालली ते बघा.

मार्डी ग्रा इंडियन लोकांशी त्यांचा काय संबंध?

इंडियन म्हणजे भारतीय नव्हे. मार्डी ग्रा या कार्निव्हलच्या दिवशी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसारखे मण्यांचे आणि पिसांचे भलेमोठे पोशाख घालून निघणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या टोळ्या, त्यांची स्वतःची गाणी. बार्करनी ही गाणी, ‘इंडियन रेड’, ‘टूटी मा’ वगैरे, न्यूयॉर्कमध्ये असताना किंग झुलू या लेबलवर रेकॉर्ड केली. या गाण्यांच्या अगदी पहिल्या व्यावसायिक रेकॉर्डमध्ये त्यांची गणना होते. खपल्या फारशा नाहीत, पण जतन झाल्या.

त्यांची अंत्ययात्रा न्यू ऑर्लिन्स पद्धतीने झाली का?

झाली, पण सहजासहजी नाही. शेवटच्या काळात असल्या मिरवणुकांमध्ये धिंगाणा वाढला होता, गर्दीचं भान सुटायचं, म्हणून बार्करनी मला असली अंत्ययात्रा नको असं सांगून ठेवलं होतं. आयुष्यभर ज्याने ही पद्धत शिकवली त्यानेच नको म्हणावं, किती वाईट वाटलं असेल त्यांना. मग ग्रेग स्टॅफर्ड वगैरे मंडळींनी घरच्यांना शब्द दिला की आम्ही जुन्या रीतीने, मानाने करू. काळे सूट, पांढरे शर्ट, संथ चालीची स्तोत्रं, आणि तसंच झालं. त्यातूनच पुढे ब्लॅक मेन ऑफ लेबर हा क्लब उभा राहिला, जो दरवर्षी पारंपरिक संगीतावरच मिरवणूक काढतो.

आपल्या मुंबईशी काही नातं?

बार्कर स्वतःचं काही नाही, ओढूनताणून जोडणार नाही. पण न्यू ऑर्लिन्सचं आहे. टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक पोरवयात न्यू ऑर्लिन्समध्ये राहून जॅझ शिकला, शिकागोत गाजला, मग आशियात आला आणि मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायचा, १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. त्या काळात गोव्याहून आलेले वादक हे संगीत आत्मसात करत होते, त्यातला चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, आणि तो सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करायचा. भगवानदादांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त त्याचा बँड पडद्यावर दिसतो, गाणी आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. खंत एवढीच की या गोवेकर वादकांपैकी कोणी ऱ्हिदमच्या खुर्चीत बसून सगळं बघितलं आणि बार्करसारखं सविस्तर लिहून ठेवलं असं झालं नाही. ज्यांच्या घरात असे आजोबा अजून आहेत त्यांनी कृपा करून फोनचं रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्यासमोर बसा.

ऐकायला आणि वाचायला सुरुवात कुठून करू?

ऐकायला आधी १९८८ चा ‘सेव्ह द बोन्स’, एकटी गिटार आणि त्यांचा आवाज, बाकी कोणी नाही, त्यामुळे माणूस सरळ समोर येतो. मग ब्लू लूची १९३८ ची रेकॉर्ड. मग डर्टी डझनचा १९९३ चा जेली रोल मॉर्टनवरचा अल्बम, त्यात गाण्यांच्या मधे बार्कर मॉर्टनबद्दल बोलतात, तो बोलण्याचा सूर एकदा कानात बसला की पुस्तक वाचताना तोच ऐकू येतो. विंटनच्या १९८९ च्या ‘द मॅजेस्टी ऑफ द ब्लूज’मध्येही ते बँजोवर आहेत.

वाचायला ‘अ लाइफ इन जॅझ’च. २०१६ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या एका इतिहास संस्थेने फोटोंसकट नवी आवृत्ती काढलीये, मिळाली तर तीच घ्या. पहिल्या पानापासूनच वाचलं पाहिजे असं काही नाही, घाई असेल तर आधी मिसिसिपी दौऱ्याचं प्रकरण वाचा, मग मॉर्टनचं, आणि मग परत लहानपणाकडे या. बोल्डनचं पुस्तक मात्र शेवटी ठेवा, आधी मार्क्विस वाचून.